आरोपीचे मन, साक्षीदाराची स्मृती आणि न्याय

गुन्ह्याच्या खटल्यात रक्ताचे डाग, हत्यार, मोबाइलच्या नोंदी असे अनेक पुरावे मांडले जातात. तरीही खटल्याचा मोठा भाग अखेर माणसांच्या मनावर उभा असतो. साक्षीदाराला नेमके काय आठवते, आरोपीने कबुली कोणत्या परिस्थितीत दिली, कृत्याच्या वेळी तो भानावर होता काय, अत्याचार सोसलेले मूल न्यायालयात बोलू शकेल काय, शिक्षा झालेला माणूस सुधारण्याची शक्यता आहे काय, हे सारे मनाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी मानसशास्त्राचा जो उपयोग केला जातो, त्यास न्यायसहायक मानसशास्त्र म्हणतात. चित्रपट आणि दूरचित्रवाहिन्यांनी या शास्त्राची प्रतिमा गुन्हेगाराच्या मनातले गुपित खेचून काढणारी विद्या अशी केली आहे. प्रत्यक्षात त्याची खरी उपयुक्तता न्यायालयाला चुकीपासून वाचविण्यात आहे. नाशिक जिल्ह्याला हा फरक फार मोठी किंमत मोजून कळला.

मालेगावचे दोन खटले

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात हमीदिया मशीद, बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक परिसरात स्फोट झाले. त्यांत किमान ३१ जणांचा बळी गेला आणि शेकडो जखमी झाले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केले. मोक्का कायद्याखाली त्यांच्यापैकी काहींचे कबुलीजबाब नोंदविले गेले. आरोपींनी पुढे ते नाकारले. काहींच्या नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ चाचण्या झाल्या. मग तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आणि तेथून राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये सात जण जामिनावर सुटले. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतील विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केले. नववा आरोपी तो दिवस पाहण्यापूर्वीच मरण पावला होता.

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्याच भिक्खू चौकात दुसरा स्फोट झाला आणि त्यात सहा जण ठार झाले. या वेळी आरोपी हिंदू होते. याही प्रकरणात अटकेतील आरोपींवर अशाच चाचण्या झाल्या, त्यांच्या निष्कर्षांविषयी बातम्याही झळकल्या. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

दोन्ही खटल्यांतील आरोपी वेगळ्या समाजांतले, तपासाची दिशाही वेगळी. पण मनाचा ठाव घेण्याचा दावा करणारी तंत्रे दोन्ही ठिकाणी वापरली गेली आणि दोन्ही ठिकाणी त्यांतून न्यायालयात टिकेल असे काही हाती लागले नाही. ज्यांचे आप्त गेले त्यांचा प्रश्न मात्र कायम राहिला.

यंत्रे नेमके काय मोजतात?

पॉलिग्राफ, म्हणजे बोलीभाषेत 'खोटे पकडण्याचे यंत्र', खोटे पकडत नाही. ते श्वासाची गती, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरील घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता नोंदविते. या बदलांमागे खोटे बोलण्याचा ताण असू शकतो. तसाच भीतीचा, अपमानाचा किंवा नुसत्या खोलीच्या वातावरणाचाही असू शकतो. निरपराध पण घाबरलेला माणूस आणि सराईत पण शांत गुन्हेगार यांच्यात हे यंत्र गोंधळू शकते.

नार्को चाचणीत सोडियम पेंटोथाल हे औषध शिरेवाटे देऊन माणसाला अर्धवट गुंगीत नेले जाते. गुंगीत संकोच सैल होतो आणि माणूस बोलू लागतो. तो खरेच बोलतो याची मात्र कोणतीही हमी नाही. अशा अवस्थेत कल्पना आणि आठवण यांची सरमिसळ होते, विचारणाऱ्याने सुचविलेली गोष्टही स्वतःची म्हणून सांगितली जाते.

ब्रेन मॅपिंगच्या चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून आरोपीला गुन्ह्यासंबंधीची विधाने ऐकविली जातात आणि मेंदूतील विद्युत लहरींवरून ती घटना त्याने अनुभवली आहे काय, असा अंदाज बांधला जातो. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका विषप्रयोगाच्या खुनात एका तरुणीला जन्मठेप देताना या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा तो निकाल जगभर चर्चेचा विषय झाला. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. वृत्तपत्रातून वाचलेली, पोलिसांच्या प्रश्नांतून कळलेली किंवा मनात शंभरदा घोळलेली घटना आणि स्वतः केलेले कृत्य, यांत मेंदूच्या लहरी खात्रीने भेद करू शकतात काय, या मूलभूत आक्षेपाचे समाधानकारक उत्तर या तंत्राला देता आलेले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये बनावट मुद्रांक प्रकरणातील याचिकांवर निकाल देताना या चाचण्यांना मोकळीक दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात ५ मे २०१० रोजी ती वाट बंद केली. सक्तीने घेतलेली नार्को, पॉलिग्राफ वा ब्रेन मॅपिंग चाचणी ही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडण्यासारखी असून राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ यांचा भंग करणारी आहे, असा तो निर्णय होता. संबंधित व्यक्तीने वकिलाचा सल्ला घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर संमती दिली तरच चाचणी घेता येते. तेव्हाही चाचणीतील बोलणे हा पुरावा ठरत नाही. त्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू वा तथ्य सापडले तर तेवढेच ग्राह्य धरता येते. जून २०२५ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली आणि स्वेच्छेने दिलेल्या नार्को चाचणीवरही केवळ तिच्या बळावर दोषसिद्धी होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले.

माणूस न केलेला गुन्हा का कबूल करतो?

निरपराध माणूस खुनाची कबुली कशी देईल, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडतो. मानसशास्त्राने याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. छळ हे उघड कारण आहेच. पण मारहाण नसतानाही सलग जागरण, एकटेपणा, 'कबूल कर, मग सुटशील' असे आमिष, खोटा पुरावा दाखवून केलेली कोंडी यांमुळे माणूस समोरचे संकट टाळण्यासाठी दूरचे मोठे संकट ओढवून घेतो. अल्पवयीन, बुद्धिमंद आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्ती याला लवकर बळी पडतात. काही जणांना तर सततच्या प्रश्नांमुळे आपणच गुन्हा केला असावा असे वाटू लागते. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा अशांचा होता, ज्यांनी खोटी कबुली दिली होती किंवा स्वतःला गोवणारी विधाने केली होती.

पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम आपल्या कायद्यात एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्याने मात्र पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीला अपवाद केला. मालेगावच्या पहिल्या खटल्यात हाच अपवाद वापरला गेला होता.

इंग्लंडमध्ये खोट्या कबुलींवर आधारलेले काही गाजलेले निकाल उलटल्यानंतर १९९० च्या दशकात पोलिसांच्या चौकशीची पद्धतच बदलण्यात आली. कबुली मिळविण्याऐवजी माहिती मिळविणे हे ध्येय ठरले. संशयिताला आधी त्याच्या शब्दांत सर्व सांगू द्यायचे, मग खुले प्रश्न विचारायचे आणि अखेरीस विसंगतींवर बोट ठेवायचे, अशी ही पद्धत 'पीस' या नावाने ओळखली जाते.

डोळ्यांनी पाहिलेलेही चुकते

'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले' या वाक्याचे न्यायालयात मोठे वजन असते. स्मृती म्हणजे छायाचित्र नव्हे, ती प्रत्येक वेळी नव्याने जुळविली जाते, हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी जॉन पामर यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखविली. 'गाड्या एकमेकींना लागल्या' असे म्हणून वेग विचारला तेव्हा लोकांनी कमी वेग सांगितला. 'गाड्या जोरात आदळल्या' असे म्हणताच वेगाचा अंदाज वाढला. आठवड्यानंतर दुसऱ्या गटातील अधिक लोकांनी चित्रफितीत नसलेल्या फुटक्या काचाही आपण पाहिल्याचे सांगितले. प्रश्नातील एका शब्दाने आठवण बदलली होती. हल्लेखोराच्या हाती शस्त्र असले की साक्षीदाराची नजर चेहऱ्याऐवजी शस्त्रावर खिळते, हेही आता ठाऊक झाले आहे.

महाराष्ट्रातील एक खटला याचे अंगावर काटा आणणारे उदाहरण आहे. जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यात पाच जणांची हत्या झाली. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने दोनच दिवसांनी पोलिसांकडील छायाचित्रांतून चार जणांना ओळखले. ते चौघे आरोपी झालेच नाहीत. भटक्या जमातीतील सहा वेगळ्याच तरुणांवर खटला चालला आणि नंतरच्या ओळखपरेडीतील साक्ष त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुनर्विचारात ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे गेली होती.

जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बारा जणांना निर्दोष ठरविताना स्मृतीचाच मुद्दा उपस्थित केला. शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आलेल्या टॅक्सीचालकांना रोजच्या असंख्य प्रवाशांतून नेमका एक चेहरा लक्षात राहण्याचे काय कारण होते, असा तो प्रश्न होता. राज्य सरकारने या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली.

ओळखपरेड निर्दोष करण्याचे उपाय साधे आहेत. ती लवकर घ्यावी. आरोपी कोण हे परेड घेणाऱ्यालाही माहीत नसावे. रांगेतील इतर माणसे दिसण्यात मिळतीजुळती असावीत. 'गुन्हेगार या रांगेत नसूही शकेल' असे साक्षीदाराला आधी सांगावे. आरोपीचे छायाचित्र परेडीपूर्वी वृत्तपत्रांत वा वाहिन्यांवर झळकू नये. ते झळकले की परेडीला अर्थ उरत नाही.

मनोविकार आणि गुन्ह्याची जबाबदारी

मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे ज्याला कळत नव्हते त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मधील हे तत्त्व आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. आजार असणे एवढेच पुरेसे नाही; कृत्याच्या क्षणी आजाराने समज हिरावली होती, हे आरोपीला दाखवावे लागते. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये दगडी पाट्याने पत्नीचा जीव घेतला. त्याला स्किझोफ्रेनिया होता, आधीपासून उपचार चालू होते आणि कृत्यानंतर त्याने पळण्याचा वा लपण्याचा प्रयत्न केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याला या तरतुदीचा लाभ दिला.

खटल्याला तोंड देण्याची क्षमता हा वेगळा प्रश्न असतो. मुंबईच्या उपनगरांत झोपडीवासीयांच्या हत्या करणारा रामन राघव १९६८ मध्ये पकडला गेला. पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला खटल्यास योग्य ठरविले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमले. या मंडळाने अनेक तास त्याच्याशी बोलून त्याला दीर्घकालीन पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचा निष्कर्ष काढला. १९८७ मध्ये त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये तो पुण्यात मरण पावला. घाईतील एक तपासणी आणि शांतपणे केलेले दीर्घ निरीक्षण यांत किती अंतर पडते, हे या प्रकरणाने दाखविले.

बालके : आरोपी आणि साक्षीदार

नाशिकच्या उंटवाडीतील निरीक्षणगृह शहरवासीयांना परिचित आहे. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांना अशा ठिकाणी ठेवले जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करावयाचे असते. त्यावरून मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा काय, हे ठरते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. बुद्ध्यांक चांगला म्हणजे परिणामांची समज पक्की, हे समीकरण धोक्याचे असल्याचेही या निकालातून पुढे आले. पौगंडावस्थेत आवेग आवरणारी मेंदूची यंत्रणा अद्याप घडत असते.

अत्याचारग्रस्त मुलांसाठी २०१२ च्या पोक्सो कायद्याने मानसशास्त्राचे धडे थेट कायद्यात आणले. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाचा असतो. न्यायालयात वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात आणि मूल आरोपीच्या नजरेस पडणार नाही याची काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्रातीलच एका खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे आदेश देशभर दिले. घाबरलेले मूल अडखळते, आणि त्याचे अडखळणे खोटेपणा म्हणून वाचले जाते, हा या व्यवस्थेमागचा विचार आहे.

शिक्षा आणि तुरुंग

शिक्षेच्या टप्प्यावरही मानसशास्त्राचे महत्त्व वाढले आहे. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका फाशीच्या कैद्याची ओळख गुप्त ठेवून, त्याला 'आरोपी क्ष' म्हणत, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हेही फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात, फाशीचा विचार करण्यापूर्वी आरोपीच्या मानसिक स्थितीचा अहवाल, त्याची पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती मागविली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. नागपूरच्या एका कैद्याच्या याचिकेवर ऑगस्ट २०२५ मध्ये या निकषांचा लाभ आधीच शिक्षा कायम झालेल्यांनाही मागता येईल, हे मान्य झाले.

तुरुंगवास हाही मनावरील आघातच असतो. जामीन न मिळालेला कच्चा कैदी अनिश्चिततेने खचतो, जन्मठेपेचा कैदी घर तुटल्याने. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी अशी तरतूद केली आहे. नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहातील बंदी घडवीत असलेल्या गणेशमूर्ती नाशिककरांना ठाऊक आहेत. हाताला काम आणि कामाला मान मिळाला की मन सावरते, हा अनुभव तेथे मिळतो. पण नैराश्याचे वेळीच निदान करणारा समुपदेशक आणि आजारी बंद्याला नियमित औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ यांची जागा हातकाम घेऊ शकत नाही.

नाशिकमधून काय घडू शकते?

नाशिकला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, मध्यवर्ती कारागृह आहे आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. गुन्ह्याच्या तपासापासून कैद्याच्या सुटकेपर्यंत मनाशी संबंध येणाऱ्या जवळपास सर्व संस्था एकाच शहरात असल्याचे असे उदाहरण राज्यात विरळाच. राज्यातील पोलीस उपनिरीक्षक त्र्यंबक रस्त्यावरील अकादमीतून घडून बाहेर पडतात. साक्षीदाराला खुला प्रश्न कसा विचारावा, मुलाशी कसे बोलावे, मनोविकाराची लक्षणे कशी ओळखावीत आणि कबुलीवर विसंबण्याआधी ती कोणत्या स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहावी, हे ते तेथे जितके पक्के शिकतील, तितके राज्यातील खटले भक्कम होतील.

नागरिकांनीही काही गोष्टी लक्षात ठेवणे हिताचे आहे. कोणत्याही चाचणीस नकार देण्याचा अधिकार आरोपीला आहे आणि नकार म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. संमती द्यायची झाल्यास ती वकिलाशी बोलून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच द्यावी. घरातील व्यक्तीवर मनोविकाराचे उपचार चालू असतील तर त्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. पोलीस शिपायाच्या खटल्यात उपचारांचा इतिहासच निर्णायक ठरला होता. साक्षीदाराने आठवत नसेल तेथे 'आठवत नाही' असे सांगण्यास कचरू नये. पोकळी भरण्यासाठी केलेला अंदाज पुढे साक्ष म्हणून नोंदला जातो आणि त्यावर कुणाचे तरी आयुष्य ठरते. चुकीचा माणूस पकडला गेला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना, मालेगावातील कुटुंबांप्रमाणे, वर्षानुवर्षांनी निकाल मिळतो, उत्तर मिळत नाही.